वास्तूचा शेजार

कायद्याच्या कलमांचें परीक्षण वाङ्मयविषयक मासिकांत कशासाठीं, असा प्रश्न कांहीं वाचक विचारतील. आमचें म्हणणें असें कीं, कायदा हाहि गद्याचाच एक प्रकार आहे, आणि त्यांतली व्याख्या ही तर निव्वळ शब्दांची निवड असते. कोणता शब्द आंत घेतला व कोणता उंबऱ्याबाहेर ठेवला, यावरून पुढें शंभर शंभर वर्षें दगडांचें, मातीचें व त्या मातीवर राहणाऱ्या माणसांचें भवितव्य ठरत जातें. कवितेंतला चुकलेला शब्द फार तर कवीला भोंवतो; व्याख्येंतला शब्द चुकला तर तो गांवाला भोंवतो. म्हणून प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठीं आपल्याकडे जे कायदे झाले त्यांतील एका व्याख्येचा, आणि त्या व्याख्येनें जें बाहेर ठेविलें त्याचा, येथें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणें मुख्यतः खानदेशांतलीं घेतलीं आहेत. आम्ही भडगांवचे, गिरणेच्या कांठीं बसून ताजमहालावर लिहिण्यापेक्षां गिरणेवर लिहिणें आम्हांस अधिक सुरक्षित वाटतें.

लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत, १९०४ सालीं, प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यापूर्वीं बंगालचें १८१० चें व मद्रासचें १८१७ चें अशीं रेग्युलेशनें होतीं, आणि १८६३ चा एक कायदा होता; पण स्मारक या वस्तूचा नीट व स्वतंत्र विचार करणारा कायदा हाच पहिला. त्याच्यामागील कळकळ खोटी नव्हती. अहमदाबादेस सिदी सय्यदच्या मशिदींत सरकारी कचेरी भरत असे. जाळीदार खिडक्यांच्या त्या अप्रतिम वास्तूंतून दप्तरें बाहेर काढविलीं तीं कर्झन यांनीं. तेव्हां माणसाच्या हेतूविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती वाक्याविषयीं. प्राचीन स्मारक म्हणजे काय, हें सांगतांना या कायद्यानें आधीं इमारती, समाध्या, लेणीं, शिलालेख इत्यादि गोष्टी मोजल्या; मग स्मारकाची जागा सांगितली; आणि त्यानंतर तिच्या लगतची जमीन. ही लगतची जमीन किती? तर कुंपण घालण्यास, वर आच्छादन करण्यास किंवा एरवीं स्मारक राखण्यास लागेल तेवढी. शिवाय तेथवर जाण्याची वाट. स्वातंत्र्यानंतर १९५८ सालीं संसदेनें नवा कायदा केला. त्यांतहि ही व्याख्या बहुतेक तशीच्या तशी उतरली.

वाचकांनीं हें वाक्य पुन्हा एकदां मनांत घोळवून पाहावें. त्यांत नदी नाहीं. डोंगर नाहीं, पेठ नाहीं, तळें नाहीं, शेजारचें घर नाहीं. शेजाराला या वाक्यांत स्वतःचें कांहीं मोल नाहीं. तो कुंपणाच्या खुंट्या ठोकण्यापुरता कामाचा आहे. ज्यानें तें लिहिलें त्याच्या डोळ्यांपुढें एक वस्तु होती आणि भोंवतीं रिकामी जागा होती. आमच्या देशांत एक तरी देवालय, एक तरी किल्ला अशा रिकाम्या जागेंत बांधला गेला आहे काय?

हा दोष एकट्या कर्झनशाहीचा नव्हे. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतहि जुन्या वास्तूंवर प्रेम करण्याची रीत अशी होती कीं, तिला बिलगलेलीं घरें पाडावयाचीं, भोंवतीं मोठें पटांगण करावयाचें, आणि तबकांत ठेवलेल्या मूर्तीप्रमाणें ती चहूंकडून न्याहाळावयाची. पॅरिसच्या नोत्र दाम देवालयापुढील दाट वस्ती याच काळांत उठली. व्हिएन्नाचा कामिलो झिट्टे यानें १८८९ च्या आपल्या ग्रंथांत या खुळाला उघड नांवें ठेविलीं, आणि जुनें देवालय हें त्याच्या चौकाशीं व घरांशीं मिळूनच अर्थ धारण करतें हें दाखवून दिलें. ही जाणीव कायद्यांत मात्र फार सावकाश उतरली. फ्रान्सनें १९१३ सालीं ऐतिहासिक वास्तूंचा कायदा केला, १९३० सालीं स्थळांचा केला, आणि १९४३ सालीं संरक्षित वास्तूच्या भोंवतालीं पांचशें मीटरच्या आंत जें बांधकाम वास्तूवरून दिसेल, किंवा वास्तूबरोबर एका नजरेंत येईल, त्यावर देखरेख आणली. या वाक्यांत पांचशें हा आकडा गौण आहे. ‘दिसणें’ ही कसोटी येथें प्रथम कायद्याच्या भाषेंत आली, व तिच्याबरोबर पाहणारा माणूसहि आला. पुढें १९६२ सालीं, आंद्रे माल्रो मंत्री असतांना, सबंध जुन्या पेठांना अभय देणारा कायदा तेथें झाला. हा मंत्री मूळचा कादंबरीकार होता, एवढें आमच्या वाङ्मयभक्त वाचकांसाठीं जातां जातां नोंदवून ठेवतों. त्यानंतरची १९६४ ची व्हेनिसची सनद, १९७६ ची नैरोबीची शिफारस व २०११ ची युनेस्कोची शिफारस या सर्वांचा ओघ एकाच दिशेला आहे: वास्तूकडून पेठेकडे, पेठेकडून गांवाकडे, गांवाकडून ज्या भूमीवर तें वसलें तिच्याकडे.

या साऱ्याची आठवण युरोपनें आम्हांस उशिरां करून दिली असें मात्र कोणी म्हणूं नये. पॅट्रिक गेडिस १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले, आणि १९१९ ते १९२४ पर्यंत ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे व नागरिकशास्त्राचे अध्यापक होते. आमच्या शेजारच्या इंदुरासाठीं त्यांनीं १९१८ सालीं केलेला अहवाल दोन खंडांचा आहे. नकाशावर पट्टी ठेवून जुन्या वस्तींतून सरळ रस्ता कापणाऱ्या इंजिनियरांवर त्यांचा मोठा राग. गल्लीगल्लींतून पायीं हिंडावें, कोणतें घर टिकेल, कोणतें पडेल, कोणत्या झाडाखालीं माणसें बसतात हें पाहावें, आणि जेथें अगदींच निरुपाय तेथेंच शस्त्र चालवावें, अशी त्यांची पद्धत. विद्यापीठानें त्यांना खुर्ची दिली. सरकारनें त्यांची व्याख्या घेतली नाहीं. आमच्या विद्यापीठांचा हा जुनाच अनुभव आहे.

आतां आपल्याकडे पुढें काय झालें तें पाहूं. १९५८ च्या कायद्याखालील नियमांत स्मारकाभोंवतालच्या जमिनीवर निर्बंध घालण्याची सोय होती. तिच्या आधारें १६ जून १९९२ रोजीं केंद्र सरकारनें एक अधिसूचना काढली: स्मारकापासून शंभर मीटरपर्यंतचें क्षेत्र निषिद्ध, आणि त्यापुढील दोनशें मीटर नियंत्रित. २०१० सालीं दुरुस्ती होऊन हें कायद्याच्या अंगांतच शिरलें. या वर्तुळानें पुष्कळ भलें केलें, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. जेथें कोणताच आडकाठा नव्हता तेथें निदान एक आडकाठा आला, आणि दहा मजली इमारतीच्या सावलींत कांहीं देवालयें जाणार होतीं तीं वांचलीं. पण वाक्य म्हणून त्याच्याकडे पाहिलें तर तें १९०४ च्या वाक्याचेंच वाढलेलें रूप आहे. कुंपण शंभर मीटर दूर सरकलें, इतकेंच. फ्रेंचांच्या कसोटींत पाहणारा माणूस होता. आमच्या कसोटींत मोजणीची सांखळी आहे. लेणें डोंगरांत असो, किल्ला पेठेंत असो, कीं समाधि माळावर असो, सर्वांना एकच माप.

त्याचा त्रास कोणाला होतो? पुण्यास शनिवारवाड्याच्या भोंवतीं जे जुने वाडे आहेत त्यांतील रहिवाशांस विचारावें. १९९२ च्या पूर्वींच्या घराची डागडुजी परवानगी घेऊन करतां येते. पाडून पुन्हा बांधणें त्या शंभर मीटरांत चालत नाहीं. तेव्हां कडीपाटाला वाळवी लागलेला वाडा, मालकाजवळ दुरुस्तीला पैसा नाहीं, आणि नव्यानें बांधण्याची मोकळीक नाहीं, अशा कोंडींत तो हळूहळू बसत जातो. म्हणजे पेशव्यांचा वाडा राखावा म्हणून पेशवाईच्या शेजाराचे वाडे खचूं द्यावयाचे! शेजारासहि ऐतिहासिक मोल असूं शकतें ही कल्पनाच व्याख्येंत नसल्यामुळें असा विपर्यास होतो. प्रत्येक स्मारकासाठीं, त्याचा परिसर पाहून, स्वतंत्र उपविधि करावे असें २०१० च्या दुरुस्तींत एक कलम आहे. आम्हांस त्या सबंध कायद्यांत तें एकच कलम लेखकानें डोळे उघडे ठेवून लिहिल्यासारखें वाटतें. दुर्दैवानें तें काम वर्तुळाइतकें चपळ निघालें नाहीं.

आतां हें वर्तुळ घेऊन खानदेशांत हिंडून पाहूं.

भडगांवच्या वरच्या अंगास, चाळीसगांव तालुक्यांत, गिरणेच्या कांठीं बहाळ हें गांव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांत पुराणवस्तु खात्याच्या श्री. म. न. देशपांडे यांनीं १९५२-५३ आणि १९५६-५७ सालीं उत्खनन केलें, आणि ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर उजेडांत आणले. नदीच्या समोरच्या कांठावर टेकवाडे येथें दफनें मिळालीं. माणसें एका तीरावर जगत होतीं व दुसऱ्या तीरावर मातींत जात होतीं, मध्यें गिरणा. त्या लोकांच्या मनांत या पाण्याला काय अर्थ होता तें सांगण्यास लेख नाहीं. पण अर्थ होता, एवढें तर दोन कांठांवरील कुदळीनेंच सांगितलें आहे. टेकाडाभोंवतीं शंभर मीटरचें वर्तुळ काढा, दफनभूमीभोंवतीं दुसरें काढा. दोन वर्तुळें होतील, आणि ज्या नदीमुळें त्या दोहोंचा संबंध, ती कोणत्याच हिशेबांत राहणार नाहीं. याच बहाळांत यादव राजा सिंघण याच्या पदरीं असलेल्या अनंतदेव या ज्योतिष्यानें शके ११४४ मध्यें भवानीचें देवालय बांधल्याचा शिलालेख आहे. म्हणजे तीन हजार वर्षांनंतरहि याच कांठाची निवड झाली!

दुसरें उदाहरण चांगदेवचें. तापी व पूर्णा यांच्या संगमाजवळचें हें देवालय संरक्षित स्मारकांत आहे, आणि त्याचा एक दगडहि कोणीं हलविलेला नाहीं. पण खालच्या अंगास हतनूरचें धरण झालें, पाण्याचा फुगवटा संगमापर्यंत आला, आणि ज्या दोन नद्यांच्या भेटीसाठीं हें स्थळ निवडलें त्या नद्यांचें रूपच पालटलें. महाशिवरात्रीस यात्रा अजूनहि भरते. धरण नको होतें असें आम्ही म्हणत नाहीं; पाण्यावांचून खानदेशचा शेतकरी देवालय पाहून पोट भरणार नाहीं. आम्ही एवढेंच दाखवितों कीं, संगम बदलला तरी कायद्याच्या दृष्टीनें कांहींच घडलें नाहीं. स्मारक सुरक्षित आहे, असा शेरा कागदावर खुशाल मारतां येईल.

याच्या उलट पाटणें पाहा. चाळीसगांवच्या दक्षिणेस सातमाळ्याच्या कुशींत पाटणादेवीचें स्थान आहे. येथेंच, भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिल्याचा शके ११२८ चा शिलालेख आहे, तो डॉ. भाऊ दाजी यांनीं एकोणिसाव्या शतकांत विद्वानांपुढें आणला. ‘सिद्धान्तशिरोमणि’ शिकण्यासाठीं दरींतली ही जागा कां पसंत पडली, हें तेथें रात्रीं एकदां आकाशाकडे पाहिलें म्हणजे कांहींसें समजतें. आज डोंगर, झाडी, धवलतीर्थाचा धबधबा व महेश्वराचें देवालय यांचा एकमेकांशीं असलेला मेळ तेथें बराचसा टिकून आहे. तो कोणीं टिकविला? पुरातत्त्वाच्या व्याख्येनें नव्हे. १९८६ सालीं गौताळा-औट्रमघाटाचें अभयारण्य जाहीर झालें, तें वन्य पशूंसाठीं. बिबट्याच्या पुण्याईनें भास्कराचार्यांच्या नातवाचा परिसर वांचला, असें म्हणावयाची पाळी यावी, ही आमच्या स्मारकविषयक वाङ्मयावरची बोलकी टीका होय. महाराष्ट्रांत इतरत्रहि असेंच दिसतें. मुरूड-जंजिऱ्याच्या किनारपट्टीला १९८९ सालीं, महाबळेश्वर-पांचगणीला २००१ सालीं व माथेरानाला २००३ सालीं जें संरक्षण मिळालें तें पर्यावरणाच्या कायद्याखालीं. भूमीची दाद घेतली ती झाडांच्या वकिलांनीं. इतिहासाचे वकील दगड मोजण्यांत गुंतले होते.

आणि जेथें दगडच नाहीं तेथें? धुळ्याकडे पांझरेवर फडाची पद्धत निदान तीनशें वर्षांची. नदींत एकामागून एक बंधारे, बंधाऱ्यापासून पाट, पाटाखालीं थळ, आणि थळाचे फड पाडलेले. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, तेंहि पाळीपाळीनें. त्यामुळें प्रत्येकाच्या वांट्याला चांगलें पाणी व कमी पाणी दोन्हीं येतात. पाटकऱ्यानें पाणी द्यावें, जागल्यानें राखण करावी, आणि पाटाची गाळकाढणी साऱ्यांनीं मिळून करावी. नगररचनेवर ग्रंथ लिहिणाऱ्यांनीं धुळें शहराचें कौतुक करावें तें योग्यच आहे. कॅप्टन ब्रिग्ज यांनीं १८१८ नंतर तें खानदेशचें मुख्य ठाणें करून तेथें नवी पेठ वसविली. पण त्याच नदीच्या कांठीं निरक्षर म्हणविणाऱ्या कुणब्यांनीं जी जमिनीची रचना केली ती त्याहून जुनी व आमच्या मतें त्याहून सूक्ष्म आहे. वर मोठीं धरणें झालीं, विहिरींवर पंप आले, उसाची ओढ लागली, आणि फड एकेक करून मोडूं लागले. ‘सांस्कृतिक भूप्रदेश’ हा वर्ग जागतिक वारशाच्या यादींत युनेस्कोनें १९९२ सालीं दाखल केला. २०२५ सालीं ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नांवानें बारा किल्ले त्या यादींत गेले, आणि त्यांत आमच्या शेजारचा बागलाणांतला साल्हेर आहे. किल्ला म्हणण्याऐवजीं भूप्रदेश म्हटलें, हा शब्दपालट आम्हांस फार स्वागतार्ह वाटतो. साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांतलें पाणी मोसम नदीनें गिरणेला येतें, आणि गिरणेनें भडगांवाला. पण यादी किल्ल्यापाशीं थांबली. पाणी थांबलें नाहीं.

येथें आमच्या स्वतःच्या भाषेकडे वळणें प्राप्त आहे. परिसर हा शब्द आम्हीं अलीकडे या अर्थानें वापरूं लागलों. पण ती कल्पना मराठीला नवी नव्हे. क्षेत्र म्हटलें कीं त्यांत देऊळ, तीर्थ, वड, डोंगर, प्रदक्षिणेची वाट सर्व आलें. पंचक्रोशी हें तर मापच आहे, आणि तें सांखळीनें घ्यावयाचें नसून चालून घ्यावयाचें आहे. काळी आणि पांढरी ही जोडी पाहा: कसण्याची जमीन ती काळी, वसण्याची ती पांढरी, एकीवांचून दुसरीला अर्थ नाहीं. स्थळमाहात्म्यांचे जे शेंकडों ग्रंथ आपल्याकडे झाले त्यांची इतिहास म्हणून किंमत थोडी असेल. पण वास्तु व भूमि यांना एका वाक्यांत बसविण्याची कला त्यांना साधली होती, आणि ती १९०४ च्या कायदेपंडितांना साधली नव्हती. मात्र एवढ्यावरून पूर्वजांच्या नांवानें टाळ्या पिटूं नयेत. क्षेत्राचें रक्षण भक्तीनें होत असे, इतिहासबुद्धीनें नव्हे. आणि भक्तीला जुन्या दगडाचें प्रेम नसतें. ती त्यावर तैलरंग चढविते, संगमरवरी फरशी बसविते, सभामंडपापुढें पत्र्याचा मांडव घालते, आणि धन्य होते. पांढरीचीहि तीच कथा. धाब्याच्या घरावर घालण्यास पांढरी माती उत्तम, म्हणून जुन्या टेकाडांना लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या खणलें. पांढरी या शब्दाचा अभिमान असणाऱ्यांनींच पांढरी नाहींशी केली.

विद्वानांचें वर्तन तरी निराळें होतें काय? धुळ्यास १९२६ च्या अखेरच्या दिवशीं इतिहासाचार्य राजवाडे वारले, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. श्री. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं रामदासी बाडांसाठीं सारा देश पालथा घातला. या दोन संस्थांनीं महाराष्ट्राचे कागद ज्या निष्ठेनें राखले तिला तोड नाहीं. पण ज्या वाड्यांतून तीं दप्तरें निघालीं ते वाडे राखण्याचें कोणाच्या मनांत आलेलें दिसत नाहीं. दप्तर मिळालें कीं माळ्याचें काम संपलें! पारोळ्याचा किल्ला झांशीच्या नेवाळकर घराण्याशीं निगडित. १८५७ च्या धामधुमीनंतर इंग्रजांनीं तो घेतला. त्या घराण्याविषयीं आमच्याकडे कादंबऱ्या आहेत, नाटकें आहेत. परंतु किल्ल्याचा खंदक आणि पारोळ्याची पेठ यांचा संबंध काय होता, यावर एक चांगला निबंध आमच्या वाचनांत नाहीं. काव्यांतहि तेंच. बालकवि धरणगांवचे, येथल्याच ओढ्यांवर वाढलेले. पण त्यांच्या निसर्गकवितेंत गांवाचें किंवा नदीचें नांव क्वचितच सांपडतें. त्यांचा झरा कोठलाहि झरा आहे, आणि त्याचें सौंदर्य त्यामुळें तिळमात्र कमी होत नाहीं. तथापि ज्या वाङ्मयाला झऱ्याचें नांव लागत नाहीं त्या वाङ्मयाच्या वाचकांना झरा बुजल्याची बातमीहि लागत नाहीं. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांत मात्र विहीर, मोट, जातें व शेत हीं ओळखतां येतात, कारण तीं तिच्या रोजच्या कामाचीं होतीं.

करावें काय, हा प्रश्न टीकाकाराला टाळतां येत नाहीं. आमच्या मतें उपाय पुरातत्त्वाच्या कायद्यांत शोधण्यापेक्षां नगररचनेच्या कायद्यांत शोधावा. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना अधिनियमांत, विकास योजनेंत काय काय असावें हें सांगणारें बाविसावें कलम आहे, आणि त्यांत ऐतिहासिक, नैसर्गिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या वैशिष्ट्यांचें, इमारतींचें व जागांचें जतन स्पष्ट शब्दांत घातलें आहे. ‘नैसर्गिक’ आणि ‘ऐतिहासिक’ हे शब्द तेथें एका ओळींत शेजारीं बसले आहेत. मुंबईनें १९९५ सालीं याच कायद्याच्या बळावर वारसा-नियमावली केली, श्रेणी पाडल्या, आणि एकट्या इमारतींबरोबर सबंध वस्त्यांनाहि यादींत जागा दिली. मुंबईजवळ पैसा होता, वास्तुविशारद होते, वर्तमानपत्रें होतीं. भडगांवाजवळ यांपैकीं काय आहे, असें कोणी हंसून विचारील. भडगांवास नामांकित लेणें नाहीं, मोठा किल्ला नाहीं; १८७२ च्या महापुरानें गांवाचें फार नुकसान केलें. आमच्या गांवाचा जो कांहीं इतिहास आहे तो नदीनें दिलेला व नदीनें नेलेला आहे. म्हणूनच मुंबईची यादी येथें उतरवून चालणार नाहीं. येथें विकास योजनेच्या नकाशावर आधीं पुराची रेघ, पांढरीची हद्द, जुन्या विहिरी, जामद्याच्या बंधाऱ्याचा पाट, बाजाराकडे येणाऱ्या खेड्यांच्या वाटा आणि घाटाच्या पायऱ्या काढाव्या लागतील. वाडे व देवळें त्यानंतर. हें काम एका उन्हाळ्यांत महाविद्यालयाचे विद्यार्थी पायीं हिंडून करूं शकतील. गेडिस यांच्या पद्धतीला यंत्र लागत नाहीं.

अडचण एकच दिसते, आणि ती नकाशाचीच आहे. महसुली नकाशांत नदी ही बहुधा शिवेची रेघ असते. एका गांवाचा नकाशा या कांठीं संपतो, दुसऱ्याचा त्या कांठीं सुरू होतो, आणि मधलें पात्र दोन्ही कागदांवर कोरें राहतें. बहाळ आणि टेकवाडे एका कागदावर आणावयाचे तर आधीं तो कोरा पट्टा कोणाच्या तरी हद्दींत घ्यावा लागेल. सध्यां त्यांतून वाळूचे ट्रॅक्टर जातात.